पडणाऱ्या मुलींचा हेवा

पौषातली थंडी पडली की लोकांना सर्दी होते, मला हेवा होतो. दरवर्षी होतो. सकाळी ऊन अंगणात उतरायच्या आधी बायका शेकोटीवर तळहात धरून बसतात, तुरीच्या शेंगा उकडल्याचा वास गल्लीभर फिरतो, ओठ फुटतात, टाचा फुटतात, आणि माझ्या आत कुठेतरी ते जुनं दुखणं कुरकुरायला लागतं. हेवा हा तसा सभ्य शब्द झाला. आमच्या टेंभुर्णीत त्याला जळणं म्हणतात, आणि ते बराबर आहे. थंडीत जळणाऱ्याला निदान ऊब तरी मिळते.

ज्यांच्यावर मी जळते त्या मुली माझ्या ओळखीच्या नाहीत. त्यांची नावं मला माहीत नाहीत, देशही धड सांगता यायचे नाहीत. मी बारावीत होते त्या हिवाळ्यात एका दुपारी त्या आमच्या पुढच्या खोलीत आल्या, टीव्हीच्या पडद्यावरून, बर्फाच्या उतारावर एकेका फळीवर उभ्या राहून घसरत. तासभर होत्या. पण काही पाहुणे तासभर येतात आणि घरातली भांडी कायमची इकडची तिकडे करून जातात, तसं झालं.

टीव्ही वहिनीचा होता. त्याच वर्षी दादाचं लग्न झालं होतं आणि वाटूरकडच्या एका खेड्यातून कल्पना आमच्या घरात आली होती. सोबत आंदणात आलेला रंगीत टीव्ही. ती एकोणीस वर्षांची, मी सतरा. तिची आई ती लहान असतानाच गेलेली, काका-काकूंनी वाढवलेलं. बारावीला इंग्रजी राहिली, तेव्हा काकांनी एका महिन्यात स्थळ पाहिलं, दुसऱ्या महिन्यात अक्षता टाकल्या. हे ती स्वतःच सांगायची, न लाजता, भाकरी थापता थापता. "नापास झाले म्हनून तर तुमच्या घरी आले, ताई. पास झाले असते तर कोन जाने कुठं असते."

शाळेत ती खो-खो खेळायची. खांबाजवळ सूर मारून पळणाऱ्याला बाद करण्यात तिचा हातखंडा होता म्हणे. आमच्या घरात तिला सूर मारायला जागा नव्हती. टीव्ही तिचा, पण पुढच्या खोलीत खुर्ची बाबांची, पलंग दादाचा, रिमोट माझा. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात सूप घेऊन बसायची, सगळ्यांत लांब. तिथून पडद्याचा अर्धाच भाग दिसतो हे मला फार नंतर कळलं.

त्या आठवड्यात लाईट दुपारची होती. भारनियमनाच्या त्या दिवसांत लाईट ही पाहुण्यासारखी येई, आली की सगळी कामं टाकून तिच्याजवळ बसायचं. बाबा खताच्या दुकानात, दादा जाफराबादच्या फेरीवर जीप घेऊन गेलेला. माय मागच्या अंगणात उन्हात गोधडी अंथरून टाके घालत बसलेली. मी अभ्यासाचं पुस्तक मांडीवर उघडं ठेवून चॅनल बदलत होते, आणि एकाएकी पडदा नुसता पांढरा झाला. मला वाटलं, केबल गेली. मग त्या पांढऱ्यात वरच्या कोपऱ्यात एक ठिपका हलला. ठिपका खाली यायला लागला, मोठा झाला, त्याला गुडघे फुटले, हात फुटले, आणि लोखंडी टोपीखालून मागं उडणारी एक वेणी दिसली.

"आगं माय!" वहिनी उंबऱ्यातून म्हणाली. "पोरगी हाय का ती?"

"पोरगीच. वेनी दिसून राह्यली न."

वहिनी सूप घेऊन सरकत सरकत खोलीच्या मधोमध आली.

पुढं कधीतरी त्या खेळाचं नाव मला कळलं, स्लोपस्टाइल. त्या दिवशी आम्हाला नाव कशाला हवं होतं? दिसत होतं तेवढं पुरे होतं. जगभरातल्या मुली आलेल्या, कुठल्याशा मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेला. उतारावर आधी लोखंडी नळ्या आणि कठडे रोवलेले. मुलगी घसरत यायची, फळीसकट उडी मारून नळीवर चढायची, आडवी होऊन तिच्यावरून सरकायची आणि पलीकडं उतरायची. मग बर्फाचे तीन उंचवटे, एकाहून एक मोठे. त्यांच्यावरून ती जी सुटायची ती थेट आभाळात. तिथं गिरकी घ्यायची, एका हातानं पायाखालची फळी धरायची, आणि क्षणभर नुसती थांबायची. हवेत तेवढा वेळ थांबताना मी त्याआधी फक्त घार पाहिली होती.

"काय म्हनून राह्यले ते?" वहिनीनं विचारलं. समालोचन इंग्रजीत चाललेलं, भरधाव. वर्गात इंग्रजीत पहिली येणारी मी. माझ्या कानात दहातला एखादा शब्द शिरत होता.

"म्हनतेत, लई मोठी उडी मारली."

"ते तर मलाबी दिसलं," वहिनी म्हणाली, आणि आम्ही दोघी हसलो.

मग पिवळ्या जाकिटातली एक आली. नळ्यांवरून अशी आली की जणू त्या तिच्याच घरच्या वळचणीला होत्या. पहिला उंचवटा झाला, दुसरा झाला. तिसऱ्यावरून ती सगळ्यांत उंच गेली आणि खाली येताना फळीची कड बर्फात अडकली. तोंडावर आपटली, कोलांट्या खात किती तरी लांब गेली, डोळ्यांवरचा चष्मा एकीकडं, हातमोजा एकीकडं. मी डोळे मिटून घेतले. वहिनीच्या हातातलं सूप खाली टेकल्याचा आवाज आला.

डोळे उघडले तेव्हा ती उठून बसली होती. आणि हसत होती. तोंडात बर्फ, भुवयांवर बर्फ, आणि हसत होती. कठड्यापलीकडचे लोक टाळ्या वाजवत होते. त्यांच्यात एक बाई, तिच्यासारख्याच नाकाची, आईच असणार, दोन्ही हात वर करून ओरडत होती, मुलगी जिंकल्यासारखी.

तेवढ्यात माय कात्री न्यायला आत आली. "काय झालं?"

"पडली ती."

"लागलं का तिला?"

"न्हाई. हसून राह्यली."

माय थोडा वेळ पडद्याकडं बघत उभी राहिली. "पडली न? मंग टाळ्या कशाच्या वाजवून राह्यले?" माय कात्री घेऊन गेली.

हेवा लागला तो त्या घडीला. त्यांच्या उड्यांचा नाही. उडी मला मारायचीच नव्हती, पक्ष्याचा कुणी हेवा करतं का? मला हेवा वाटला त्यांच्या पडण्याचा. इतक्या लोकांसमोर, इतक्या पांढऱ्या स्वच्छ उजेडात, तोंडावर पडायचं आणि हसत उठायचं! आमच्या गल्लीत मुलगी पडली तर ती आधी कोणी पाहिलं का ते बघायची, गुडघा नंतर. माझ्या वर्गातली एक मुलगी सायकलवरून पडली, पुढचा दात तुटला. आठवड्याभरात तिची सायकल चुलतभावाकडं गेली आणि वर्षभरात तीही सासरी गेली. दात हे दोन्हींचं कारण, असं सगळ्यांनी समजून घेतलं. ते पाहून मी सायकल शिकलेच नाही. मी काहीच असं केलं नाही ज्यात पडता येईल. पाठांतर केलं, पहिली आले, ताठ चालले.

पडद्यावर नावांची पाटी आली. नावापुढं दोन रकाने, पहिल्यात गुण, दुसरा बहुतेकींचा रिकामा. मी गणित सोडवल्यासारखी बघत बसले. एका मुलीनं दुसऱ्या फेरीत पहिलीपेक्षा वाईट केलं, तरी तिचा नंबर हलला नाही. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

"वहिनी, ह्यांना दोनदा यायचं असते. त्यातलं जे चांगलं होईल तेवढंच धरतेत."

"आन् वाईट?"

"वाईट सोडून देतेत."

"सोडून देतेत?"

"बिलकुल. मोजतच न्हाईत."

वहिनीनं सूप पुन्हा उचललं. पण संध्याकाळी चुलीपुढं ती ते स्वतःशीच म्हणताना मी ऐकलं, "मोजतच न्हाईत."

पिवळ्या जाकिटातल्या मुलीची दुसरी फेरी आली. ती वर उभी होती, हनुवटीवर खरचटलेलं, श्वासाची वाफ. निघाली. नळ्या पार केल्या. पहिला उंचवटा, दुसरा. तिसऱ्यावरून ती सुटली, वर गेली, गिरकी घ्यायला लागली, आणि लाईट गेली.

वहिनी धावत दारात गेली, जसं काही तार तिनं हातानं जोडली असती. सगळ्या गावाची गेली होती. लाईट पुन्हा आली तेव्हा त्या चॅनलवर क्रिकेट चाललेलं. ती मुलगी उतरली की पडली, ते मला आजपर्यंत माहीत नाही. आता शोधायचं म्हटलं तर सापडेलही. मी शोधत नाही. माझ्यापुरती ती अजून हवेतच आहे.

त्यानंतरचा रविवार. शेतात कापसाची शेवटची वेचणी चाललेली, बोंडं कमी आणि ओरखडे जास्त अशी. आमच्या शेताच्या वरच्या अंगाला पाझर तलाव आहे, त्याच्या मातीच्या भरावावर पावसाळ्यात कमरेएवढं गवत माजतं आणि पौषात ते वाळून, झोपून, केसांसारखं गुळगुळीत होतं. त्याच्यावरून चालताना म्हशीसुद्धा सांभाळून पाय टाकतात. भाकरीची सुट्टी झाली, बायका बाभळीखाली बसल्या. वहिनी मला म्हणाली, "ताई, चला न जरा." तिच्या काखेत बैलगाडीची एक निखळलेली फळी होती. ती तिनं कधी हेरून ठेवली होती कोण जाणे.

भरावावर चढून तिनं पदर कमरेला खोचला, साडीचा काचा मारला आणि फळीवर आडवी उभी राहिली, बघितलं होतं तशी, गुडघे वाकवून, एक खांदा पुढं. मी म्हणाले, "वहिनी, कोनी पाहील." ती म्हणाली, "पाहू द्या," आणि गेली.

तो आवाज अजून माझ्या कानात आहे. वाळल्या गवतावरून लाकूड घसरण्याचा, मोठा कागद हळू फाडल्यासारखा. ती खरंच घसरली. चार-पाच माणसांच्या लांबीएवढा उतार उभीच्या उभी गेली, हात पसरून, बांगड्या वाजवत. मग फळी एका दगडाला लागली आणि वहिनी उडाली, पडली, कुसळांत लोळत खाली गेली. मी वरून ओरडले. ती उठून बसली. केसांत गवत, गालावर माती. आणि हसत होती.

पुन्हा चढून आली. पुन्हा गेली. या वेळी आणखी लांब, आणि पडली तीही जास्त जोरात. वर येऊन तिनं फळी माझ्यापुढं ठेवली. "आता तुम्ही."

मी फळीवर एक पाय ठेवला. खाली पाहिलं. उतार काही फार नव्हता, आता जाऊन बघते तर हसू येतं एवढासा. पण माझा दुसरा पाय जमिनीवरून उठेना. आणि तेवढ्यात मला भरावाच्या पायथ्याशी माय दिसली, डोक्यावर भाकरीची रिकामी पाटी. ती किती वेळ उभी होती माहीत नाही. मी पाय काढून घेतला.

माय वर आली. वहिनीनं पदर डोक्यावर घ्यायला हात उचलला आणि कळवळली. मनगट सुजून जांभळं होत होतं. मायनं पाटी खाली ठेवली, तिचा हात हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, बोटं एकेक दाबून पाहिली. मी मनात पुढची वाक्यं म्हणत होते: घराण्याची सून, लोक काय म्हणतील. माय म्हणाली, "मोडलं न्हाई. मुरगळलं."

आणि त्या उन्हात, केसांत गवत असताना, मुरगळलेला हात सासूच्या हातात असताना, वहिनी म्हणाली, "आत्याबाई, मला परीक्षेला पुन्हा बसायचंय."

"कोन्त्या परीक्षेला?"

"बारावीच्या. इंग्रजी राह्यली माही."

"नापास झाल्ती न तू?"

"झाल्ते. पन दोनदा देता येते. जे चांगलं असंल ते धरतेत. वाईट मोजतच न्हाईत."

माय माझ्याकडं वळली. "असं असते का गं?"

नियम मी शोधला होता. पडद्यावरचे ते दोन रकाने मी वाचले होते. तो नियम बर्फावरून उचलून आपल्या आयुष्यात आणून ठेवायचं मला सुचलं नव्हतं, तिला सुचलं. "असते," मी म्हणाले.

माय खाली उतरताना वहिनीचा दुसरा हात धरून उतरली. मी फळी घेऊन मागून.

मार्चात मी परीक्षा दिली. जूनमध्ये निकाल लागला, अडुसष्ट टक्के, कॉलेजात मुलींत पहिली. मायनं देवापुढं साखर ठेवली, चिमूटभर माझ्या हातावर दिली आणि "होनारच होती," म्हणून दळण निवडायला बसली. बाबांनी डी.एड.ची चौकशी केली. झालं.

त्याच उन्हाळ्यात, पहाटेचा गार वारा असेपर्यंत, गच्चीवर बसून मी वहिनीला इंग्रजी शिकवलं. ती वाक्यं मोठ्यानं म्हणायची, चुकायची, हसायची, पुन्हा म्हणायची. चुकताना तिला काहीच वाटायचं नाही, हे मला बघवत नसे. बाबा एकदा कुरकुरले, "सून परीक्षेला बसणार, गावात काय तोंड दाखवायचं?" माय म्हणाली, "आहे तेच दाखवा. दुसरं कुठून आनता?" पुढं तो विषय निघाला नाही. दादा आधी दोन दिवस रुसून होता, मग त्यानंच ऑक्टोबरात जीपमधून तिला जाफराबादच्या केंद्रावर नेलं, आणि बाहेर जीपच्या इतर प्रवाशांना नकार देत थांबून राहिला.

तिला इंग्रजीत एक्केचाळीस पडले. मायनं पेढे आणले. टेंभुर्णीच्या बाजारातल्या हलवायाकडून, कागदी पुड्यात, आणि गल्लीत घरोघर स्वतः फिरून वाटले. "आमची कल्पना पास झाली." लोक माझ्याबद्दल विचारत, "आन् मनीषा?" "ती तर होतेच," माय म्हणायची. एक पेढा मलाही मिळाला. फार गोड होता. मी तो मागच्या अंगणात उभं राहून खाल्ला, आणि घशाखाली काय काय उतरलं ते माझं मला ठाऊक.

पुढं वहिनीनं पोलिस भरतीचा ध्यास घेतला. पहिल्यांदा धावण्यात मागं पडली, घरी येऊन दोन दिवस रडली, मायनं तिचे पाय तेल लावून चोळले. दुसऱ्यांदा लागली. तिचं प्रशिक्षण संपून संचलन झालं तेव्हा माय नवी साडी नेसून परगावी गेली, पुढच्या ओळीत बसली. मी डी.एड. करून शिक्षिका झाले, पहिल्याच खेपेला, आणि नोकरी लागली ती नेमकी वाटूरजवळच्या एका वाडीत, वहिनीच्या माहेरच्या शिवारात. रुजू व्हायला निघाले तेव्हा माय दारापर्यंत आली. म्हणाली, "तुला काय सांगायचं, तू बराबर जाशील." मी बराबर गेले. एसटीच्या खिडकीतून वळून पाहिलं तेव्हा दारात कोणी नव्हतं.

एकदा हुरड्याला घरी गेले असताना मी विचारलंच. आगटीत कणसं भाजत होती, माय तळहातावर दाणे मळत होती. वहिनी ड्युटीवर होती. "माय, वहिनीला जसं उचलून धरलंस, तसं मला कधी का न्हाई?"

मायनं फुंकर मारून कोंडा उडवला. तिला प्रश्न कळलाच नसावा असं वाटलं. मग ती म्हणाली, "तू कधी पडलीच न्हाई. उचलतेत पडलेल्याला."

तिनं दाणे माझ्या हातावर ओतले. गरम होते.

काही वर्षांनी, पुन्हा पौषात, मी हप्त्यावर स्कूटी घेतली. वाटूर फाट्यापासून वाडीपर्यंत जीपचा भरवसा नसायचा. शाळेतल्या एका मॅडमनी मोकळ्या रानात चार संध्याकाळी शिकवलं. पाचव्या दिवशी शाळेच्या वळणावर, खडीवर, प्रार्थनेला उभ्या असलेल्या सगळ्या पोरांसमोर, मी स्कूटीसकट आडवी झाले. आधी एक क्षण काहीच ऐकू आलं नाही. मग पोरं हसली, मग धावली. गुडघा सोलला होता, हनुवटीला टाके पडले. लाज येते का ते मी थांबून पाहिलं. आली नाही. नुसतं दुखत होतं.

घरी कळवू नका म्हटलं तरी मुख्याध्यापकांनी फोन केलाच. दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या भाड्याच्या खोलीपुढं मोटरसायकल थांबली. वहिनी खाकीत, आणि तिच्या मागं, तिची कंबर घट्ट धरून बसलेली माय. मी पडले तरी माय आली ती वहिनीच्या गाडीवरून! माझं काळीज सवयीनं चरकलं.

माय आत आली, इकडंतिकडं न बघता खाटेवर बसली आणि माझा पाय उचलून मांडीवर घेतला. "लई लागलं का गं, मने?"

तेवढं काही लागलं नव्हतं. "लई," मी म्हणाले, आणि माझा आवाज सात वर्षांच्या मुलीसारखा निघाला.

मायनं खरचटलेल्या गुडघ्यावर फुंकर घातली. तिचा तळवा माझ्या पोटरीवर होता, खरखरीत, उन्हातून आल्यानं कोमट.

"आत्याबाई," वहिनी म्हणाली, "निघायचं का? मला पाच वाजता हजर व्हायचंय."

"तू जाय," माय मान वर न करता म्हणाली. "मी राहते हिच्यापाशी."

"मंग सांजच्याला घ्यायला येऊ?"

"न्हाई. आठ दिवस राहते."

वहिनी खाटेच्या पायथ्याशी उभी होती. ती माझ्याकडं बघत नव्हती, मायच्या हाताकडं बघत होती, माझ्या पोटरीवरच्या. तिचा चेहरा उतरला, ओठ किंचित घट्ट मिटले, नजर वळवायची होती आणि वळत नव्हती. मग ती "येते ताई" म्हणाली आणि गेली.

तो चेहरा मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. इतकी वर्षं तो माझाच होता.